फॉरमॅट मारून देतो!

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, आणि सोळाही तालुक्यांत कॉम्प्युटरच्या आजारावर औषध एकच आहे. लॅपटॉप स्लो झाला? फॉरमॅट मारून देतो. प्रिंटर चालत नाही? फॉरमॅट मारून देतो. काम करता करता निळा पडदा येतो आणि बंद पडतो? "काही नाही भाऊ, विंडोज करप्ट झाली असंन. ठेवून जा, संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारून देतो." पूर्वी गावच्या दवाखान्यात एक लाल औषधाची बाटली असायची. ताप असो, खोकला असो की पोटदुखी, कंपाउंडर त्यातूनच ओतून द्यायचा. हे तसंच झालं. फरक एवढाच की लाल औषध प्यायल्यावर पेशंटच्या घरातलं सामान नाहीसं होत नव्हतं. फॉरमॅटने होतं.

सगळ्याच बिघाडांबद्दल मी आज बोलत नाही. एकाच बिघाडाबद्दल बोलतो, कारण त्याच्याबाबतीत तरी वादाला जागा नसावी. लॅपटॉप वर्षानुवर्षं नीट चालत होता, त्यात नवीन रॅम टाकली, आणि त्यानंतर तो क्रॅश व्हायला लागला. अशा वेळी संशयित कोण? शाळेतलं पोरगंही सांगेल. घरात काल नवीन माणूस आला आणि आज पाकीट गेलं, तर आधी त्या नव्या माणसाला विचारतात की घराला रंग मारायला घेतात? पण आपल्याकडे रंग मारायला घेतात. आणि रंगाचे पैसेही घेतात!

माझं म्हणणं सरळ आहे. रॅम टाकल्यावर सुरू झालेल्या क्रॅशवर, रॅम न तपासता फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नव्हे. तो पुरावा नष्ट करणं आहे, आणि गिऱ्हाईकाचा डेटा हा त्यात फुकट गेलेला बळी आहे. शब्द कडक वाटत असतील, पण पुढे वाचा.

माझा पुतण्या दिग्रसजवळच्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. दाखले, सातबारा, फॉर्म, पीक विमा... तुम्हाला माहीतच आहे. २०२४च्या खरिपात एक रुपयात पीक विमा ही योजना चालू होती (पुढे २०२५च्या खरिपापासून ती बंद झाली). विम्याची मुदत आधी १५ जुलै होती, मग ३१ जुलैपर्यंत वाढली. गर्दी होणार हे ओळखून त्याने जूनमध्येच लॅपटॉपची मेमरी वाढवून घेतली. मुळात ४ जीबी होती, रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची स्टिक टाकून घेतली. सतराशे रुपये. बिल मागितलं तर "आपल्याच दुकानाची गॅरंटी आहे, बिल काय करता" असं उत्तर मिळालं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाहीच.

तिसऱ्या दिवशी निळा पडदा. दुकानात नेला, फॉरमॅट मारला, चारशे रुपये. दीड दिवस मख्खन चालला. मग पुन्हा निळा पडदा. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा चारशे. या वेळी डी ड्राईव्हसुद्धा साफ! लोकांचे स्कॅन केलेले सातबारे, पासबुकं, पीक पेऱ्याची स्वयंघोषणापत्रं सगळं गेलं. अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर नव्याने टाकायला अर्धा दिवस गेला तो वेगळाच. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा निदान बदललं. "मदरबोर्ड गेला भाऊ, आता नवीनच घे." म्हणजे चार हजारांच्या आत जो प्रश्न सुटायला हवा होता, तो पस्तीस-चाळीस हजारांवर गेला. आणि तोही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.

केंद्रचालकाला विम्याच्या एका अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. त्याचं नुकसान झालंच, पण ते सोडा. ज्या लोकांचे कागद पुसले गेले त्यांना निरोप गेले, पुन्हा या, पुन्हा कागद आणा. डवरणीच्या, निंदणाच्या दिवसांत माणूस एक दिवस मोडून तालुक्याला येतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. एकाने रागावून विचारलं, "तुह्या मशीनीच्या पायी म्या किती चकरा मारू?" त्याला काय उत्तर देणार?

तो लॅपटॉप एसटीने यवतमाळला माझ्याकडे आला. मी इंजिनियर नाही. पेन ड्राईव्हवर मेमटेस्ट८६ प्लस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला, आणि जेवायला बसलो. जेवण होईपर्यंत स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली होती. मग नवीन स्टिक काढून फक्त जुनी ठेवली आणि रात्रभर चालवली. सकाळी एकही चूक नाही. नंतर जुनी काढून नवीन एकटी लावली, पुन्हा लाल ओळी. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, पुन्हा लाल. झालं. मदरबोर्ड ठणठणीत, विंडोज ठणठणीत, ४ जीबीची जुनी स्टिक ठणठणीत. गुन्हेगार एकच, सर्वात शेवटी घरात आलेला. खर्च शून्य रुपये. वेळ एक रात्र आणि एक सकाळ, तीही माझी नाही, मशीनची.

आता दुकानदार मंडळी म्हणतील, की फॉरमॅट मारल्यावर दीड दिवस चालला ना? म्हणजे काहीतरी फरक पडलाच की! हाच तर या औषधाचा सर्वात मोठा फसवा गुण आहे, म्हणून नीट समजून घ्या. रॅम म्हणजे कोट्यवधी छोट्या छोट्या खान्यांचं कपाट. त्यातले दोन-चार खाने फुटके असले, तर जोवर त्या खान्यांत काही ठेवायची वेळ येत नाही तोवर काहीच कळत नाही. ताज्या फॉरमॅट मारलेल्या विंडोजमध्ये काही नसतं. अँटीव्हायरस नाही, प्रिंटरचं सॉफ्टवेअर नाही, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब नाहीत. मेमरी अर्धीही भरत नाही. फुटक्या खान्यावर बोजा पडायची शक्यता कमी, म्हणून लॅपटॉप चालतो. दोन दिवसांनी नेहमीची सॉफ्टवेअरं बसली, काम वाढलं, मेमरी भरली, की बोजा फुटक्या खान्यावर येतो आणि निळा पडदा दिसतो. गिऱ्हाईकाला वाटतं नवीन व्हायरस आला. दुकानदाराला पुन्हा चारशे रुपये.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. विंडोज टाकताना प्रत्येक फाईल आधी रॅममध्ये येते आणि मग डिस्कवर जाते. म्हणजे फुटक्या रॅमवर फॉरमॅट मारला, तर नवीन विंडोजसुद्धा त्याच फुटक्या कपाटातून होऊन जाते. काही फाईल सुरुवातीपासूनच खराब बसू शकतात. मग चांगली रॅम लावली तरी विंडोज खरोखरच करप्ट! गढूळ पाण्याने भांडी विसळण्यातला प्रकार आहे हा.

आणि खरं सांगायचं तर क्रॅश होणं हे नशीबच समजायचं. निदान कळतं तरी. न कळणारा बिघाड जास्त भयंकर. कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक आकडा शून्य आणि एक या दोन खुणांनी लिहिलेला असतो. आस्की या नेहमीच्या पद्धतीत ४ आणि ५ या दोन आकड्यांत फक्त एका बिटचा फरक आहे. ० आणि ८ यांतही एकाच बिटचा. म्हणजे रॅममधला एक खाना उलटा पडला की चारचा पाच होतो, शून्याचा आठ होतो, आणि स्क्रीनवर काहीही निळं-लाल दिसत नाही. आता विचार करा की तो आकडा गट नंबरमधला आहे, किंवा बँक खात्याचा, किंवा पोरीच्या मार्कलिस्टमधला. खाते नंबर चुकला म्हणून पैसे परत गेले, असं ऐकलं की आपण टाईप करणाऱ्याला शिव्या देतो. बहुतेक वेळा चूक त्याचीच असते हे मान्य. पण खराब मेमरीवर चालणाऱ्या मशीनला दीड-दोन महिने काम करू द्यायचं म्हणजे ही जोखीम शेकडो लोकांच्या डोक्यावर ठेवायची, आणि ती त्यांना विचारून ठेवलेली नसते.

"रॅम कधी खराब होत नाही" असंही काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं जातं. २००९ साली गूगलने टोरांटो विद्यापीठातल्या संशोधिकेसोबत आपल्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. आणि त्या सतत देखरेखीखालच्या स्टिक! २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झालेली मशीन पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते असं त्यांना दिसलं. मेमरीची चूक पुन्हा झालीच, तर ती बहुतेकदा त्याच जागी होते असंही दिसलं. म्हणजे हा बिघाड हवापाण्यासारखा येत-जात नाही. तो एका ठिकाणी बसलेला असतो, शोधला तर सापडतो. मुद्दा फक्त शोधण्याचा आहे.

दुसरी आवडती सबब म्हणजे ऊन. "काका, आपल्या यवतमाळचं ऊन पाहा ना, पंचेचाळीस डिग्रीत मशीन काय करणार?" उन्हाचा त्रास मशीनला होतो हे खरं. पण उष्णतेने बंद पडणारा लॅपटॉप वेगळ्या पद्धतीने बंद पडतो. पंखा जोरात ओरडतो, बूड चटका देतं, आणि मशीन एकदम गपकन विझते, निळा पडदा न दाखवता. सकाळी सात वाजता, पावसाळ्यात, रिकाम्या डेस्कटॉपवर जर "मेमरी मॅनेजमेंट" असं लिहिलेला निळा पडदा येत असेल, तर बिचाऱ्या उन्हाला त्यात ओढू नका.

गंमत अशी की तपासल्याशिवाय पेरायचं नाही, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत मांडतात, गुंडाळून ठेवतात, आणि आठवडाभराने किती उगवले ते मोजतात. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायला हरकत नाही. २०२० साली राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा तर या चाचणीचं महत्त्व सगळ्यांनाच पटलं. न तपासता पेरलं, उगवलं नाही, आणि कृषी केंद्रवाला म्हणाला "वावरच बदला", तर आपण ऐकून घेऊ का? मग लॅपटॉपच्या दुकानात का ऐकून घेतो?

दुकानदाराचीही बाजू आहे, ती मांडायलाच हवी. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर आपल्याला अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं. तालुक्याचं दुकान आहे म्हणून आपलं भागतं. गिऱ्हाईकाला मशीन तासाभरात हवी असते, आणि "तपासणीचे दोनशे रुपये" म्हटलं की तो भांडतो. फॉरमॅटचे चारशे मात्र मुकाट देतो, कारण नवाकोरा डेस्कटॉप डोळ्यांना दिसतो. म्हणजे तपासणीला आपण किंमत देत नाही, म्हणून ती कोणी करत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच माझी सूचना आहे की दुकानदारांनी तपासणीचे पैसे उघडपणे घ्यावेत, बोर्डावर लिहून घ्यावेत, आणि आपण ते द्यावेत. ज्या कामाला रात्रभर माणूस लागत नाही, फक्त चालू मशीन लागते, त्याला वेळ नाही ही सबब मात्र चालणार नाही.

आता तुमच्यावर ही पाळी आली तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी लॅपटॉप बंद करून नवीन स्टिक काढा, आणि मगच डेटाचा बॅकअप घ्या. खराब मेमरी आत असताना बॅकअप घेतला तर बॅकअपही खराब होऊ शकतो. स्टिक काढताना चार्जर काढा, बॅटरी वेगळी करा, आणि आधी एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा.

२. जुन्या स्टिकवर दोन दिवस नेहमीसारखं काम करा. क्रॅश थांबले, तर विंडोज निर्दोष सुटली.

३. नवीन स्टिक पुन्हा नीट बसवून पाहा. तिरकी आत सरकवायची आणि खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पकडी टक करून लागल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली स्टिकसुद्धा हेच सगळे खेळ करते.

४. मग प्रत्येक स्टिक एकटी, प्रत्येक स्लॉटमध्ये, मेमटेस्टवर रात्रभर तपासा. तेवढं जमत नसेल तर विंडोजमध्येच व्हिस्टापासून मेमरी डायग्नोस्टिक दिलेलं आहे. ते कमी कडक आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. लाल ओळ एक आली काय आणि हजार आल्या काय, निकाल एकच. मेमरीला पस्तीस टक्क्यांवर पास करत नाहीत.

५. दोन्ही स्टिक एकट्या पास आणि एकत्र नापास, असंही होतं. मग दोघींचं जमत नाही असं समजा. बायॉस अपडेट करून पाहा, नाहीतर एकाच जोडीच्या दोन स्टिक घ्या.

६. जुना डीडीआर३ लॅपटॉप असेल तर स्टिकरवर पीसी३ लिहिलंय की पीसी३एल, ते बघा. पहिली दीड व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची. दोघींच्या पिना २०४, खाचही त्याच जागी, म्हणून चुकीची स्टिक आरामात बसते. पण २०१३च्या सुमारास आणि नंतर आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांना कमी व्होल्टचीच लागते. बसली म्हणजे जुळली, असं नसतं.

७. आणि बिल घ्या! स्टिकवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा.

बिलाबद्दल दोन शब्द. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. म्हणजे "बिल काय करता" हे वाक्य म्हणजे आपल्यावर केलेले उपकार नाहीत. तक्रार करायची तर १९१५ हा हेल्पलाईन नंबर आहे, आणि पुढे जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. सतराशे रुपयांसाठी कोण जातं, असं म्हणाल. कोणी जात नाही, म्हणूनच तर ते वाक्य इतक्या बिनधास्तपणे म्हटलं जातं. माझ्या पुतण्याने मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो दुकानात नेऊन दाखवला, आणि काउंटरवर शांतपणे उभा राहिला. स्टिक बदलून मिळाली. फॉरमॅटचे आठशे रुपये मिळाले नाहीत. लोकांचे पुसलेले कागद तर कोणीच परत देऊ शकत नाही.

हा प्रश्न आता वाढणार आहे, कमी होणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन लॅपटॉप परवडत नाही म्हणून जुन्यात मेमरी वाढवून नवी विंडोज चालवायची धडपड घरोघरी आहे. त्यात २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले. भाव चढले की जुन्या लॅपटॉपांतून काढलेल्या, पुसूनपासून ठेवलेल्या स्टिक नव्या म्हणून काउंटरवर येण्याचा मोह वाढतो. अशा दिवसांत न तपासता घेणं म्हणजे डोळे मिटून बियाणं उचलणं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मारून देतो" म्हणालं, की भांडू नका, आवाज चढवू नका. फक्त एवढंच विचारा, "भाऊ, रॅम तपासली का? कशाने तपासली? निकाल दाखवता का?" तीन प्रश्न. ज्याच्याकडे उत्तर असेल त्याला तपासणीचे पैसे द्या, वर चहाही पाजा. ज्याच्याकडे नसेल, त्याच्या टेबलावरून आपली मशीन उचला. डेटा आपला आहे, आणि त्यात आपल्याबरोबर गावातल्या पन्नास लोकांचे कागदही आहेत.